पिवळा रंग उडाला म्हणजे पाण्यात पारा आला का?



गेल्या पावसाळ्यात वालधुनीकाठच्या एका वस्तीत, विहारात रविवारची वंदना झाल्यावर आम्ही आरोग्याची बैठक घेतली. विषय पाण्याचा होता. वस्तीतलीच एक मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. ती म्हणाली, "मावशी, कडुलिंबाच्या पाल्यापासून आणि चांदीच्या क्षारापासून एक द्रावण तयार करतात. पाण्यात पारा असला तर त्याचा रंग उडतो. मी कॉलेजात केलंय. सगळ्यांना करून दाखवू का?" आम्हाला कौतुक वाटले. आपल्या वस्तीतली लेक आपल्या बायकांना विज्ञान समजावून सांगणार, याहून चांगले काय? आम्ही लगेच होकार दिला.

तिने ते पिवळसर द्रावण आणले. टेबलावर पाच काचेचे ग्लास मांडले. पहिल्यात औषधाच्या दुकानातून आणलेले डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात विहाराच्या नळाचे पाणी, तिसऱ्यात हातपंपाचे, चौथ्यात विकतच्या जारचे आणि पाचव्यात वालधुनीचे. प्रत्येकात द्रावणाचे सारखे थेंब टाकले. डिस्टिल्ड पाणी पिवळे राहिले. जारचे पाणीही पिवळेच राहिले. हातपंपाचे पाणी करडे, गढूळ झाले. आणि नळाच्या पाण्यातला पिवळा रंग हळूहळू फिका होत उडूनच गेला. वालधुनीचे पाणी मुळातच काळपट, त्यात रंग बदलला की नाही हे कुणालाच कळेना.

क्षणभर शांतता पसरली. मग एक आजी उठल्या, घरी गेल्या आणि सकाळी भरलेला हंडा गटारात ओतून आल्या. "सिस्टर, नळाच्या पाण्यात पारा आहे! मग आम्ही प्यायचं काय?" संध्याकाळपर्यंत ही बातमी शेजारच्या तीन गल्ल्यांत पोहोचली. दुसऱ्या दिवसापासून किती तरी घरांनी पिण्यासाठी जार घ्यायला सुरुवात केली. ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते, त्या घराने पाणी विकत घेतले.

त्या पाच ग्लासांत खरोखर काय घडले, हे समजायला आम्हाला पुढचे काही दिवस लागले. हा धडा त्याचाच आहे. तो आधी आम्ही शिकलो, म्हणून आता तुम्हाला सांगतो.

हळद, चुना आणि चांदी

रंगावरून पदार्थ ओळखणे आपल्या घरात नवे नाही. पांढऱ्या साडीवर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की डाग लालभडक होतो. हळदीत चुना कालवला तरी तेच. हळदीतल्या रंगद्रव्याला क्षारधर्मी पदार्थ भेटला की ते रंग बदलते. म्हणजे हळद ही एक चाचणीच झाली.

नॅनो चाचणीतही रंगच बोलतो, पण तो रंग धातूच्या अतिशय बारीक कणांचा असतो. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. या चाचणीतले चांदीचे कण बहुधा १० ते ५० नॅनोमीटरचे असतात. एवढे बारीक झाल्यावर चांदी चांदीसारखी चमकत नाही, पिवळी दिसते. सोने सोनेरी दिसत नाही, माणकासारखे लाल दिसते. कारण असे की प्रकाश पडला की या कणांवरचे इलेक्ट्रॉन एकसाथ हेलकावे खातात आणि प्रकाशातला ठरावीक रंग शोषून घेतात. उरलेला रंग आपल्या डोळ्यांपर्यंत येतो.

हे कण तुम्ही पाहिलेले आहेत. करोनाच्या काळात नाकातला नमुना घेऊन पट्टीवर चाचणी करायचे, त्यातल्या अनेक पट्ट्यांवर उमटणारी लाल रेघ सोन्याच्या अशाच कणांची होती. गरोदरपण तपासायच्या अनेक पट्ट्यांतही तेच कण असतात. आम्ही वॉर्डात काम करताना अशा किती तरी पट्ट्या हाताळल्या, पण ती रेघ सोन्याची आहे हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले.

आता पाल्याचे काम काय? सिल्व्हर नायट्रेट नावाचा चांदीचा क्षार पाण्यात विरघळतो, तेव्हा त्यातली चांदी विद्युतभारित स्वरूपात असते. तिला धातूच्या रूपात आणायला कुणीतरी इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. प्रयोगशाळेत यासाठी रसायने वापरतात. पण कडुलिंब, गवती चहा यांसारख्या वनस्पतींच्या अर्कात जे पदार्थ असतात, त्यांतले काही हे काम करतात. शिवाय तेच पदार्थ कणांभोवती पातळ आवरण तयार करतात, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत.

या कामात आपल्या महाराष्ट्राचे नाव मोठे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कडुलिंबाच्या पानांच्या काढ्यापासून चांदीचे आणि सोन्याचे नॅनोकण तयार केल्याचे शोधनिबंधात मांडले. त्याच वर्षी याच गटाने गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे त्रिकोणी कणही बनवून दाखवले. त्यानंतर देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी शेकडो वनस्पती वापरून पाहिल्या, आणि असे कण पाण्यातले पारा, शिसे यांसारखे धातू शोधायला वापरता येतील का, याचा अभ्यास सुरू झाला. आमच्या लेकीने कॉलेजात केलेला प्रयोग याच परंपरेतला.

रंग बदलतो कसा?

दोन प्रकारे. पहिला प्रकार गुठळ्यांचा. बेसन पाण्यात नीट कालवले तर ते सुटे राहते, नाही तर गुठळ्या होतात. नॅनोकणांचेही तसेच. ते सुटे असतात तोवर सोन्याचे द्रावण लाल आणि चांदीचे पिवळे दिसते. पाण्यातल्या एखाद्या धातूने त्यांना एकमेकांजवळ ओढले की गुठळ्या होतात. मग सोन्याचे द्रावण जांभळे-निळे होते, चांदीचे करडे.

दुसरा प्रकार कण विरघळण्याचा. पाण्यात पारा असेल तर तो चांदीच्या कणांतले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. कण झिजतात, त्यांच्यावर पाऱ्याचा थर बसतो आणि पिवळा रंग फिका होत जातो. आमच्या लेकीने सांगितले ते हेच होते आणि ते खरे आहे.

पण एक प्रश्न त्या दिवशी आम्ही कुणीच विचारला नाही. चांदीचा रंग फक्त पाराच उडवतो का?

क्लोरीनने केलेली फसगत

दोन दिवसांनी ती मुलगी स्वतःच अस्वस्थ होऊन घरी आली. म्हणाली, "मावशी, मला वाटतं माझं काहीतरी चुकलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ना?"

आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साथीच्या दिवसांत वस्तीवस्तीत जाऊन आम्ही पाण्याची ओटी चाचणी केलेली आहे. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की समजायचे, क्लोरीन आहे, पाणी जंतूंपासून राखलेले आहे. क्लोरीनही चांदीतले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. म्हणजे चांदीचा पिवळा रंग पाराही उडवतो आणि क्लोरीनही.

आम्ही लगेच पडताळा घेतला. त्याच नळाच्या पाण्याचे दोन भाग केले. एक भाग दहा मिनिटे उकळून झाकून गार केला, कारण उकळल्यावर क्लोरीन निघून जातो. पारा असाच निघून जात नाही. दुसरा भाग तसाच ठेवला. आधी ओटी चाचणी केली. ताज्या पाण्यात पिवळा रंग आला, उकळलेल्यात आला नाही. मग दोन्हींत चांदीचे थेंब टाकले. ताज्या पाण्यातला रंग उडाला. उकळलेल्या पाण्यातला तसाच राहिला.

म्हणजे ज्या पाण्याला वस्तीने विष ठरवले, त्याचा रंग उडवणारा पदार्थ आपल्या मुलांना कॉलरा-काविळीपासून वाचवण्यासाठीच घातलेला होता.

हातपंपाचे कोडेही सुटले. जमिनीतल्या पाण्यात क्षार जास्त असतात. मिठासारख्या क्षारांमुळे चांदीच्या कणांच्या गुठळ्या होतात, आणि द्रावणात उरलेल्या चांदीशी क्लोराइड मिळून पांढुरका गढूळपणा येतो. त्यासाठी पारा लागत नाही, साधे खारट पाणी पुरते.

काळी झालेली बाटली

पण जारचे पाणी तर पिवळेच राहिले होते. ते चांगले असेल ना?

पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू आहेत का हे पाहायची एक साधी बाटली मिळते. हायड्रोजन सल्फाइड चाचणी म्हणतात तिला. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८२ मध्ये मांडली आणि पुढे ती अनेक देशांत पोहोचली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि घरातल्या साध्या तापमानाला २४ ते ४८ तास ठेवायचे. बाटली काळी झाली तर ते पाणी पिऊ नये.

आम्ही तीन बाटल्या भरल्या: नळ, हातपंप आणि जार. दुसऱ्या दिवशी हातपंपाची बाटली काळी झाली होती. जारचीही काळी झाली होती. नळाची ४८ तासांनंतरही काळी झाली नाही.

म्हणजे चांदीच्या रंगाने जो क्रम लावला होता, तो नेमका उलटा होता. तिन्हींत पिण्याला योग्य होते ते नळाचे पाणी, आणि तेच आम्ही टाकून दिले होते. जंतू असलेले जारचे पाणी पैसे मोजून घरात आणले होते. त्या आठवड्यात जार घेणाऱ्या एका घरातल्या दोन वर्षांच्या पोराला जुलाब झाले. ओआरएस दिले, दवाखान्यात नेले, बाळ बरे झाले. जुलाब त्या पाण्यानेच झाले असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा आमच्याकडे नाही. पण त्याच्या आईने आमच्याकडे पाहिले ती नजर आम्ही विसरलो नाही. चूक त्या मुलीची नव्हती. तिने शिकलेले प्रामाणिकपणे दाखवले. इतकी वर्षे नर्सिंग केलेल्या आम्ही तिला विचारायला हवे होते: "बाळा, हाच रंग आणखी कशाने बदलतो?" तो प्रश्न आम्ही विचारला नाही, म्हणून चूक आमची.

पुढच्या रविवारी त्याच विहारात, त्याच टेबलावर, त्याच मुलीने सगळे ग्लास पुन्हा मांडले. उकळलेले आणि न उकळलेले पाणी शेजारी शेजारी ठेवून तिने फरक दाखवला आणि काळ्या झालेल्या बाटल्या सगळ्यांच्या हातात दिल्या. हंडा ओतून आलेल्या आजींनी जारची बाटली उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, "पैसे देऊन हेच आणत होतो का आम्ही?"

धातूंची भीती खोटी नाही

यावरून कुणी असे समजू नये की आपल्याकडे पाण्यात रासायनिक विष असण्याची भीती म्हणजे बायकांचा गोंधळ आहे. आपण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची माणसे. कारखाने आणि नदी दोन्ही आपल्या दाराशी आहेत. वालधुनी अंबरनाथच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते, अकराव्या शतकातल्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगरच्या वस्त्यांमधून जाते आणि कल्याणजवळ खाडीला मिळते. या वाटेत तिच्यात काय काय मिसळते हे तिच्या काठी राहणाऱ्याला वासावरून कळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत टँकरमधून रसायन ओतल्यामुळे विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. वनशक्ती संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने २०१५ मध्ये उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि स्थानिक संस्थांना दंड ठोठावला. हे सारे नोंदलेले आहे.

धातू शरीरात काय करतात तेही जाणून घ्या. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आघात करते, रक्त कमी करते. मुलांसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. पारा मज्जासंस्थेवर आणि मूत्रपिंडावर परिणाम करतो, आणि गर्भातल्या बाळाला तो सर्वात घातक. जपानमध्ये मिनामाता इथे कारखान्याचा पारा समुद्रात गेला, तिथून माशांत आणि माशांतून माणसांत. १९५६ मध्ये हा आजार अधिकृतपणे नोंदवला गेला. कॅडमियम मूत्रपिंड आणि हाडे पोखरतो. पाण्यातले आर्सेनिक वर्षानुवर्षे पोटात गेले तर कातडीवर डाग, जाडसर गाठी आणि पुढे कर्करोग होऊ शकतो.

यांतले काहीही चवीला, वासाला किंवा डोळ्यांना कळेलच असे नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिसे आणि आर्सेनिक यांची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१. ही शेवटची मर्यादा किती लहान ते पाहा. हजार लिटरच्या गच्चीवरच्या टाकीत पाऱ्याचे प्रमाण एक मिलिग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. एक मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे जेमतेम दहा-पंधरा कण.

इथे नॅनो चाचणीची दुसरी मर्यादा येते. नुसत्या डोळ्यांना दिसणारा रंगबदल बऱ्याच पद्धतींत पारा मर्यादेच्या कितीतरी पट जास्त असल्यावरच दिसतो. म्हणजे रंग बदलला तरी पारा आहेच असे नाही, आणि रंग राहिला तरी पारा नाहीच असेही नाही. वालधुनीच्या काळ्या पाण्यात तर रंगच वाचता येत नाही. ज्या पाण्याची भीती सर्वात जास्त, त्याच्यापुढे ही चाचणी मुकी होते.

आम्ही हातपंपाचे आणि नळाचे पाणी शासनमान्य प्रयोगशाळेत पाठवले. तिथे धातू मोजायला यंत्रे असतात. ती प्रत्येक धातू वेगळा ओळखतात आणि आकड्यात सांगतात. अहवाल आला. दोन्ही पाण्यांत तपासलेले धातू मर्यादेच्या आत होते. हातपंपात क्षार आणि कठीणपणा जास्त, आणि जंतूही होते. पण हा अहवाल त्या एका दिवसाचा. पावसाळ्यात जमिनीतले पाणी पातळ झालेले असते. उन्हाळ्यात चित्र वेगळे असू शकते. म्हणून त्या हातपंपावर आम्ही पाटी लावली: "हे पाणी पिण्यासाठी नाही." आणि एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा नमुना द्यायचे ठरवले.

मग ही चाचणी निरुपयोगी आहे का?

नाही. पाल्यापासून कण बनवण्याचे काम कमी खर्चाचे, कमी रसायनांचे आहे. शास्त्रज्ञ आता या कणांवर असे पदार्थ बसवतात की ते एकाच धातूला धरतील. कागदाच्या पट्टीवर कण लावून रंगाचा फोटो मोबाईलने मोजायच्या पद्धतींवरही काम झाले आहे. पुढेमागे एखादी पट्टी खात्रीची ठरली आणि तिला मान्यता मिळाली, तर वस्तीतली बाई स्वतः नाल्याकाठच्या दहा जागा तपासून सांगू शकेल की मोठ्या प्रयोगशाळेत कोणता नमुना आधी पाठवायचा. चाळणीचे काम ती करू शकेल. निवाडा प्रयोगशाळेचाच.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हे द्रावण घरी करू नका. सिल्व्हर नायट्रेट कातडी काळी करते, डोळ्यांत गेले तर इजा करते, पोटात गेले तर विष आहे. वापरलेले द्रावण मोरीत ओतायचे नसते, नाही तर चांदीने पुन्हा नदीच घाण होते. कडुलिंबाचे नाव आहे म्हणून "हर्बल, निर्धोक" असे कुणी सांगत दारावर आला, आणि रंग दाखवून फिल्टर विकू लागला, तर त्याला एकच विचारा: "नळाचं हेच पाणी आधी उकळून मग थेंब टाकाल का?"

आपण काय करायचे?

१. रोजचे पाणी: आपल्याकडे नळाने येणारे पाणी मुख्यतः उल्हास नदी आणि बारवी धरणातले, शुद्धीकरण करून दिलेले असते. केंद्रातून ते चांगले निघते, पण आपल्या गल्लीतली नळी गटारातून जात असेल आणि तिला भोक असेल, तर पाणी बंद असताना घाण आत ओढली जाते. म्हणून नळ आल्यावर सुरुवातीचे थोडे पाणी धुण्याभांड्याला घ्या. पिण्याचे पाणी चांगली उकळी येऊ द्या, एक मिनिट खळखळू द्या, झाकून गार करा. काढायला लांब दांड्याचे ओगराळे वापरा, हात बुडवू नका.

२. उकळणे, तुरटी आणि क्लोरीन यांचे काम ओळखा: उकळल्याने आणि क्लोरीनने जंतू मरतात. तुरटीने गाळ बसतो. धातू यांतल्या कशावरही विसंबून काढता येत नाहीत. जास्त उकळून पाणी आटवले तर उरलेल्या पाण्यात धातूचे प्रमाण उलट वाढते. पाण्याला रसायनाचा वास, फेस किंवा विचित्र रंग आला तर ते उकळूनही पिऊ नका. तारीख-वेळ लिहून ठेवा, फोटो काढा आणि लगेच पालिकेच्या पाणी विभागाला लेखी कळवा.

३. नमुना नीट द्या: जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली वेगळी, धातूंसाठी वेगळी. दोन्ही बाटल्या प्रयोगशाळेकडूनच घ्या, कारण त्यांत गरजेप्रमाणे औषध घातलेले असते. शीतपेयाची रिकामी बाटली चालत नाही. जंतूंचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. अर्जावर "कोणकोणते धातू तपासायचे" हे नावानिशी लिहा. नुसते "पाणी तपासा" लिहिले तर बहुतेक वेळा धातू तपासलेच जात नाहीत.

४. अहवाल मागा: माहितीचा अधिकार कायदा २००५ प्रमाणे १० रुपये शुल्क भरून आपल्या भागातल्या पाण्याचे मागच्या वर्षाचे सर्व तपासणी अहवाल मागता येतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नदीच्या पाण्याचे अहवाल असतात, तेही मागा. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगितले आहे की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आपण मेहेरबानी मागत नाही.

५. शरीराकडे लक्ष द्या: एकाच पाण्यावरच्या अनेक घरांत हातापायाला मुंग्या, कातडीवर न जाणारे डाग, मुलांचा अभ्यासात अचानक मागे पडणारा मेंदू, सतत कमी रक्त अशा तक्रारी दिसल्या तर सगळ्यांची एकत्र यादी करून डॉक्टरांकडे न्या. एकट्या माणसाच्या तक्रारीवरून काही ठरत नाही, पण दहा घरांची यादी डॉक्टरला विचार करायला लावते. "विष उतरवणारी" भस्मे, चूर्णे घेऊ नका. काही भस्मांतच शिसे आणि पारा सापडलेला आहे.

पुढच्या बैठकीसाठी प्रश्न

आपापल्या महिला मंडळात हे प्रश्न वाचून दाखवा आणि चर्चा करा.

आपल्या गल्लीतली नळी कुठे कुठे गटारातून जाते? आपल्या जारवाल्याने पाण्याचा तपासणी अहवाल कधी दाखवला आहे का? आपल्या हातपंपाचे पाणी शेवटचे कधी तपासले, आणि त्यात धातू होते का? एखादी चाचणी कुणी दाखवली, तर तिचा रंग आणखी कशाने बदलतो हे आपण विचारतो का?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यातले पाणी ओंजळीत घेतले. ते पाणी प्यायचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हा तेव्हाचा प्रश्न होता. आज नळ आपल्या दारात आहे, आणि त्यातून काय येते हे जाणण्याचा अधिकार हा आजचा प्रश्न आहे. तथागतांचा धम्म "या आणि पाहा" असे म्हणतो. पाहायचे तर नीट पाहू. नुसता रंग पाहून हंडा ओतणार नाही, आणि रंग बदलला नाही म्हणून निश्चिंतही होणार नाही.

आमच्या त्या लेकीने आता वस्तीतल्या आठवी-नववीच्या मुलींचा गट केला आहे. दर महिन्याला त्या नळाची ओटी चाचणी करतात, बाटली भरून ठेवतात आणि वहीत तारीख, जागा, रंग लिहितात. वहीच्या पहिल्या पानावर तिने मुलींकडून एक वाक्य लिहून घेतले आहे: "या रंगाचे दुसरे कारण काय असू शकेल?"

जय भीम.